बेल्जियमच्या राजाने काँगो का बळकावला? खरंच सुधारणेसाठी?
नाही, पैशासाठी, आधी हस्तिदंत, मग रबर. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या (आफ्रिकेतल्या वसाहतींचे नियम ठरवणारी युरोपीय सत्तांची बैठक) सुमारास लिओपोल्ड दुसरा गुलामांचा व्यापार थांबवण्याची भाषा करत होता, पण काँगो १९०८ पर्यंत बेल्जियमचा नव्हे, त्याच्या खाजगी मालकीचा होता. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि पुढे रबराची मागणी भडकली. खरा हेतू जहाजांच्या मालातच दिसतो. एडमंड मोरेल या जहाज कंपनीतल्या कारकुनाच्या लक्षात आलं, की काँगोतून रबर आणि हस्तिदंत भरभरून येतं, परत जाताना मात्र बंदुका-काडतुसं जातात. म्हणजे हा व्यापार नव्हे, वेठबिगारी! रबर कमी भरलं तर लोकांचे हात तोडले जात. मात्र हाच पैशाचा हिशेब वसाहती करणाऱ्या प्रत्येक देशाला लावू नका. १८७१ मध्ये जर्मनीकडून हरलेल्या फ्रान्सला गमावलेली पतही आफ्रिकेत परत मिळवायची होती.