तेलात तरंगणारं कुलूप

प्रश्न : मी नागपूरच्या महाल भागात राहते. शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. रोगप्रतिकारशक्तीचा धडा आला की फळ्यावर कुलूप-किल्ली काढायची : जंतूचा तुकडा ही किल्ली, पांढऱ्या पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप. परवा बारावीतल्या नातवाने विचारलं, "आजी, कुलूप चोवीस तास उघड्यावर आहे, तर पेशी उगाच का पेटत नाही? आणि किल्ली बाहेरून लागली हे आतल्यांना कळतं कसं?" मला उत्तर देता आलं नाही. दुसरं म्हणजे, आमच्या जाऊबाई म्हणतात, "कायले एवढं तूप खाता वो? पेशीचं आवरण जाड होते, मंग रोग लवकर धरते." यात तथ्य आहे का?

उत्तर : ताई, नातवाला माझ्यातर्फे शाबासकी द्या. मेडिकलच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मी दरवर्षी याच प्रश्नाची वाट पाहायची. फार थोड्यांनी तो विचारला.

कुलूप म्हटलं की लाकडी दार डोळ्यांपुढे येतं आणि घोटाळा तिथेच होतो. तुम्ही वर्गात 'प्रद्रव्यपटल' शिकवलंत ना, ते म्हणजे मेदाच्या रेणूंचे दोन थर. जाडी सगळी मिळून ५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा दहा-पंधरा हजारावा हिस्सा. शरीराच्या ३७ अंशांत हे पटल तेलासारखं वाहतं असतं आणि रिसेप्टर त्यात तरंगत असतात.

डिसेंबरातल्या सकाळी नातवाला स्वयंपाकघरात न्या. आपल्या नागपूरच्या थंडीत खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. शेजारचं जवसाचं तेल मात्र हलवलं की खळखळतं. खोबरेलातल्या बहुतेक मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना बिलगून बसतात. जवसातल्या साखळ्या मध्येच वाकलेल्या, त्यांना तसं दाटीवाटीने बसता येत नाही. पेशीपटलात या दोन्ही जातीच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या मधेमधे कोलेस्टेरॉल.

रिसेप्टर ही प्रथिनंच. पटलात प्रथिनं खरोखर सरकतात, हे १९७० साली फ्राय आणि एडिडिन या शास्त्रज्ञांनी फार सुंदर रीतीने दाखवलं. त्यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकमेकींत विलीन केली. एकीच्या प्रथिनांना हिरवा चमकता रंग, दुसरीच्या प्रथिनांना लाल. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल. ३७ अंशांवर चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळले. गारव्यात ठेवलेल्या पेशींत मात्र हे मिसळणं पार मंदावलं. हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला त्या दिवसापासून फळ्यावर कुलूप काढणं सोडून दिलं.

आता नातवाचा प्रश्न. उदाहरण टी पेशीचं घेऊ, ही पांढऱ्या पेशींचीच एक जात. तिची किल्ली रक्तात सुटी फिरत नसते. दुसरी एखादी पेशी जंतूचा तुकडा आपल्या अंगावर धरून दाखवते, तो टी पेशी ओळखते. तिच्या रिसेप्टरला जोडलेल्या प्रथिनांच्या साखळ्यांची शेपटं पेशीच्या आत लोंबतात. या शेपटांवर टायरोसिन या अमिनो आम्लाच्या काही ठरलेल्या जागा आहेत. तिथे फॉस्फेट चिकटलं की आत वर्दी जाते. आणि इथेच पटल मध्ये पडतं. त्याच्या आतल्या थरावर ऋण भार असतो, शेपटावर धन भार. त्यामुळे शेपूट पटलाला चिकटून राहतं आणि त्या नाजूक जागा चक्क मेदात बुडतात. बॉस्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये एका शेपटाबाबत हे दाखवलं. फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम शेजारीच असलं तरी त्याला जागा सापडत नाही. पुढे २०१३ मध्ये असंही दिसलं की एकदा वर्दी सुरू झाली आणि आत कॅल्शियम शिरलं, की ते हे भारांचं आकर्षण मोडतं आणि आणखी शेपटं मोकळी होतात.

किल्ली लागल्याचं आत कसं कळतं, यालाही पटलाची जवळीक लागते. दोन गाद्यांच्या मध्ये काही सुपाऱ्या आणि काही नारळ ठेवा. आता एका जागी गाद्या इतक्या दाबा की सुपारी दोन्हीकडून टेकेल. नारळ तिथे राहूच शकत नाही, तो बाजूला घरंगळतो. टी पेशीवर सीडी-४५ नावाचं उंच प्रथिन दाटीने असतं, तो आपला नारळ. रिसेप्टरवर फॉस्फेट चिकटलं तर ते लगेच काढून टाकणं हे त्याचं एक काम. रिसेप्टरने समोरचा तुकडा पकडला की दोन पेशींची पटलं तिथे जेमतेम १५ नॅनोमीटरवर येतात. सीडी-४५ला तेवढ्यात उभं राहायला जागा नाही, ते बाहेर सरकतं. पुसणारा हात गेला, फॉस्फेट टिकलं, पेशी जागी झाली. सायमन डेव्हिस आणि अँटन व्हॅन डर मर्व यांनी ही कल्पना मांडली. मला ती मनापासून पटते, कारण यात पटल सरकतं आणि वाकतं म्हणूनच सगळं घडतं. ताठ भिंतीत नारळ घरंगळला नसता.

जाऊबाईंना सांगा, तुपाने पटल जाड होत नाही. तूप आतड्यात पचून सुटं होतं आणि पेशी आपलं पटल आपल्या मापाने बांधते. आहारातल्या मेदाम्लांचा पटलातला वाटा काही आठवड्यांत थोडाफार बदलतो, हे खरं. पण त्यावरून 'तुपाने रोग लवकर धरतो' इथवर उडी मारता येत नाही. कोलेस्टेरॉलचंच बघा. २०१६ मध्ये जर्मनीतल्या गटाला दिसलं की ते टी पेशीच्या रिसेप्टरला चिकटून त्याला गप्प ठेवतं. त्याच वर्षी चीनमधल्या गटाने उंदरांत दाखवलं की मारक टी पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल वाढवलं, तर त्या कर्करोगाच्या गाठीवर जास्त जोमाने तुटून पडतात. दोन्ही निष्कर्ष पटलातल्या कोलेस्टेरॉलचे आहेत, ताटातल्या तुपाचे नाहीत. वरणभातावरचं चमचाभर तूप खुशाल घ्या. हृदयासाठी डॉक्टरांनी काही मर्यादा घालून दिली असेल किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर त्यात माझ्या या उत्तरावरून काहीही बदलू नका.

नातवाला एक विचारा : तापात शरीर ३९ अंशांवर गेलं की या पटलाचं काय होत असेल? त्याचं उत्तर मला पत्राने कळवा, मी वाट पाहते आहे.