‘तिथली मुलं माझ्यासारखी नाहीत’

प्रवेशाचे दिवस आले की मुलं माझ्याकडे गुणांबद्दल कमी आणि याबद्दलच जास्त बोलतात : "मला तिथं जमेल का?" विद्यापीठ चांगलं, विषय आवडीचा, तरी पाऊल अडखळतं.

एक मुलगी प्रवेशेच्छुकांसाठीच्या खास कार्यक्रमाला जाऊन हिरमुसून आली होती. "सगळे किती बिनधास्त! मी तिथं हरवून जाईन."

विद्यापीठाचा विषय आम्ही काही भेटी बाजूलाच ठेवला. मी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या वाटेनं जाणारी. उत्तर समोरच्या माणसाकडेच असतं, ही माझी श्रद्धा. एकदा विचारलं, "कसलंही सोंग न आणता तू कुठं वावरलीस?"

ती बराच वेळ गप्प होती. मीही घाई केली नाही.

"शाळेच्या नाटकात. पडद्यामागे, दिवे सांभाळायचे."

"तिथं बिनधास्त मुलं नव्हती?"

"होती की! पण हातात काम होतं ना..." आणि ती स्वतःच थबकली.

तिला शांत परिसर नको होता; हाताला काम देणारा छोटा गट हवा होता. हेच मी सांगितलं असतं तर तो नुसता सल्ला ठरला असता. तिचं तिला गवसलं, याचं मला आजही समाधान आहे.

मुलं शिक्षण अर्धवट का सोडतात, याची मांडणी शिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये केली. अभ्यासाशी जसं जुळावं लागतं तसं माणसांशीही; मात्र सगळ्या विद्यापीठाशी नाही, एखाद्या गटाशी जुळलं तरी मूल टिकू शकतं. माझा अनुभव हाच आहे.

म्हणून विद्यापीठ बघायला साध्या, कामाच्या दिवशी जा. तास संपल्यावरही थांबा. सुट्टीत वसतिगृह ओस पडतं का? चुकीचं उत्तर देणाऱ्याशी शिक्षक कसे बोलतात? "इथं कसं वाटतं?" असं विचारलंत तर "छान" एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी दुसऱ्या वर्षातल्या मुलांना विचारा, "पहिल्या सत्रात अडलं तेव्हा कुणाकडे गेलात?" तुमच्यासारखी भाषा, परिस्थिती किंवा अपंगत्व असलेल्यांना तर आवर्जून भेटा, बहुतेकांना मोकळी वाटणारी जागा त्यांना तशी वाटतेच असं नाही. आणि पालकांनो, ही विचारपूस मुलांनाच करू द्या.

तिनं यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाच्या नाट्यगटाला एकच प्रश्न विचारला : पहिल्या वर्षाला पडद्यामागचं काम मिळतं का? एकीकडे उत्तर आलं, "पुढच्या वर्षी बघू." दुसरीकडच्यांनी तिला त्याच संध्याकाळी तालमीला बसवून घेतलं. प्रवेश तिनं तिथंच घेतला.