दिवाळीचा बोनस आणि बालगृहातली तीस मुलं

प्रश्न : दिवाळीला ६०,००० रुपये बोनस मिळणार आहे. जवळच्या बालगृहातल्या ३० मुलांना प्रत्येकी १,२०० रुपयांचे कपडे आणि खेळणी द्यायची इच्छा आहे. क्रेडिट कार्डाचे २८,००० थकलेत, पण ही खरेदीही कार्डावरच करून सावकाश फेडीन म्हणते. देणगी दिल्यामुळे टॅक्सही वाचेल ना?

उत्तर : ताई, जरूर द्या. पण कार्डावर नको, आणि एवढे तर नकोच.

थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर ९८० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दरमहा साधारण १,१५६ रुपये नुसत्या व्याजापायी जातात. खरी मेख पुढेच आहे. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसलं की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही, त्यामुळे भेटींच्या ३६,००० वर पहिल्या दिवसापासूनच व्याज चढायला लागेल. तेव्हा बोनस हाती आला की आधी २८,००० चुकते करा. उरलेल्या ३२,००० मधून १२,००० मुलांसाठी काढा, बाकीचे अडीअडचणीसाठी ठेवा.

टॅक्सचं म्हणाल तर वस्तूंच्या देणगीवर करपात्र उत्पन्नातून वजावट मिळतच नाही, ती पैशांच्या देणगीवर मिळते. रोख दिले तर २,००० रुपयांपर्यंतच. त्यातून तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर विषयच संपला, तिथे ही वजावट नाही. जुन्या प्रणालीत असाल आणि संस्था मान्यताप्राप्त असेल, तर १२,००० पैकी बहुधा निम्मे, म्हणजे ६,००० उत्पन्नातून वजा होतील. २० टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून वाचणार १,२४८ रुपये. एवढ्यासाठी देणगीचा आकडा फुगवू नका.

आता १२,००० द्यायचे कसे? माझं मत विचाराल तर सगळे दिवाळीत नकोत. दिवाळीत देणारे पुष्कळ असतात, फराळाचे डबे आणि बाहुल्या येऊन पडतात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा दप्तर-बुटांसाठी विचारणारं कुणी नसतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तर खेळण्यांच्या वाटपात हमखास डावललं जातं. त्यांना बसचा पास किंवा परीक्षेची फी हवी असते. दिवाळीला ४,००० द्या, उरलेले ८,००० वेगळ्या खात्यात ठेवून जूनमध्ये संस्थेच्या खात्यावर पाठवा.

खेळणी घ्यायचीच असतील तर आयएसआयची खूण पाहूनच घ्या, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. आणि हो, वाटपाचे फोटो समाजमाध्यमांवर नकोत. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मनाई आहे.

खरेदीला निघण्याआधी अधीक्षकांना एक फोन करून मुलांची वयं, मापं आणि नड यांची यादी मागून घ्या.