वाचकांचे प्रश्न : रिपोर्टवरचं ‘एएस’ आणि भाचीची सोयरीक

प्रश्न : माझ्या भाचीची सोयरीक जुळत आली आहे. कॉलेजच्या शिबिरात तिचं रक्त तपासलं, तर रिपोर्टवर ‘एएस पॅटर्न, सिकलसेल वाहक’ असं आलं. पाहुण्यांना सांगायचं की दाबून ठेवायचं, यावरून घरात दोन तट पडलेत. हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या संस्थांमध्ये जनुकांवर एवढं संशोधन चालतं म्हणतात. मग पोरीचं हे एकदाचं दुरुस्त करून मिळणार नाही का?
– एक मावशी, इंदोरा, नागपूर

उत्तर : ताई, मीसुद्धा एएस आहे. पाचपावलीत वाढले, मग नोकरीसाठी दक्षिण एक्सप्रेसने हैदराबाद गाठलं आणि रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढली. माझा एएस मला तिथेच कळला. नवीन पद्धत शिकताना नमुना म्हणून आम्ही आमचंच रक्त वापरत होतो.

ती पद्धत तुम्हाला सांगते, म्हणजे रिपोर्टवरच्या दोन अक्षरांची भीती कमी होईल. हिमोग्लोबिनची बीटा साखळी कशी बनवायची हे एका जनुकात लिहिलेलं असतं. ते जनुक साधारण 1,600 अक्षरांचं. त्यात एका ठिकाणी ‘जीएजी’ हवं तिथे ‘जीटीजी’ असतं, म्हणजे एका ‘ए’च्या जागी ‘टी’. तेवढ्याने साखळीतला सहावा घटक बदलतो. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्हींत बदल असेल तर माणूस ‘एसएस’, म्हणजे पीडित. त्याच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटावीत अशा कळा येतात. एकाच प्रतीत बदल असेल तर ‘एएस’, म्हणजे वाहक. दुसरी प्रत पुरेसं चांगलं हिमोग्लोबिन बनवते.

आम्ही आधी पीसीआर करून त्या जागेच्या प्रती वाढवायचो. कोरोनात ऐकलेला तोच पीसीआर. 1985 साली ही पद्धत पहिल्यांदा छापून आली ती सिकलसेलच्याच निदानासाठी, याचं मला आजही अप्रूप वाटतं. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींवर तुकडे होतात. मग त्यात कात्रीसारखं एक विकर (एन्झाइम) घालायचं. ठरावीक सात अक्षरं दिसली की तिथेच ते डीएनए कापतं. सिकलच्या प्रतीत त्या सातांतलं एक अक्षर बदललेलं, म्हणून तिथे ते कापत नाही. नंतर सगळं जेलवर चालवायचं, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्टे दिसतात, आणि अतिनील दिव्याखाली बघायचं. निरोगी माणसाचे दोन छोटे पट्टे, पीडिताचा एक लांबडा, वाहकाचे तिन्ही. माझ्या खान्यात तीन केशरी पट्टे चमकले. मी बराच वेळ त्या अंधाऱ्या खोलीत उभी होते. संध्याकाळी घरी पत्र लिहिलं, आणि पुढे लग्न ठरताना मुलाला पहिल्या भेटीतच सांगितलं.

आता तुमचा प्रश्न. भाचीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही, कारण तिला आजार नाही. जनुकीय उपचार आहेत, पण ते पीडितांसाठी. 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर, म्हणजे जनुकात नेमक्या जागी बदल करायचं तंत्र, वापरणारा असा पहिला उपचार मंजूर झाला. त्यात रुग्णाच्या मूळपेशी काढून बदलतात, जड औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि मग त्या पेशी परत सोडतात. तोही ते अक्षर सुधारत नाही, जन्मानंतर थांबलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या जनुक-संशोधन संस्थेत यावर काम चालू आहे आणि माझं सगळं लक्ष तिकडे असतं, कारण मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात कळांनी तळमळणारी लेकरं मी पाहिली आहेत.

म्हणून सांगा, दाबू नका. आणि मुलाचं रक्त तपासून घ्या. मुलगा ‘एए’ असेल, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील, तर एकही मूल पीडित होणार नाही, फार तर वाहक होईल. माझे यजमान एए आहेत. थोरली एएस, धाकटा एए, दोघंही ठणठणीत. मुलगाही एएस निघाला तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित असण्याची शक्यता चारात एक. पहिलं पीडित झालं म्हणून पुढची तीन सुटली असं होत नाही, दर वेळी हिशोब नव्याने सुरू होतो. तरी लग्न करायचं दोघांनी ठरवलं तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भाचा डीएनए तपासता येतो. तो निर्णय त्या दोघांचा, मावशी-काकांचा नाही.

पोरीत खोट आहे असं कुणी म्हटलं तर त्याला हे ऐकवा : हे अक्षर विदर्भात टिकलं ते मलेरियामुळे. वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून जंगलपट्ट्यातल्या आपल्या पूर्वजांत ते लोक जगले.

एक गोष्ट विसरू नका. मुलाची नुसती सोल्युबिलिटी, म्हणजे सिकलसेल शोधायची साधी तपासणी निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका. तो थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असला तर ती तपासणी ते दाखवत नाही, आणि सिकल व थॅलेसेमिया एकत्र आले तरी मूल आजारी होतं. त्याची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करायला सांगा आणि रिपोर्टवर ‘ए-टू’ या प्रकाराचा आकडा बघा. तो 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर तारीख काढण्याआधी दोघांना घेऊन रक्तविकारतज्ज्ञाकडे जा.