कर्सर काढायचाय, पण फंक्शनने काम होईल का?

प्रश्न: आमच्या अकाउंटिंगच्या डेटाबेसमधे प्रत्येक खात्याची चालू शिल्लक काढायला कर्सर (एकेक ओळ घेऊन चालणारा लूप) फिरवतो, एसक्यूएल सर्व्हर 2016 आहे, महिनाअखेरीला रिपोर्ट संपतच नाही. तोच हिशोब फंक्शनमधे टाकून सिलेक्टमधे कॉल केला तर फास्ट होईल ना?

उत्तर: थांबा, घाई नको! स्वतः लिहिलेलं स्केलर (एकच व्हॅल्यू परत देणारं) फंक्शन सिलेक्टमधे टाकलं की तुमच्या व्हर्जनमधे ते प्रत्येक ओळीला वेगळं चालतं, आणि त्यात पुन्हा क्वेरी असेल तर कर्सर गेला असं फक्त दिसतं, लूप आतमधे तसाच राहतो, वर ती क्वेरी पॅरलल (एकाच वेळी अनेक प्रोसेसरवर) पण चालत नाही. (अशी फंक्शन्स क्वेरीतच विरघळवायची सोय 2019 पासून आली, तीही सगळ्यांना लागू होत नाही.) तुम्हाला हवंय ते विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून त्यांच्या गटावर हिशोब करणारं), त्याने चालू बेरीज 2012 पासून जमते, खरंच वापरा: सम(रक्कम) ओव्हर (पार्टिशन बाय खाते ऑर्डर बाय तारीख, व्हाउचर नंबर रोज [ROWS] अनबाउंडेड प्रिसीडिंग). शेवटचे तीन शब्द विसरू नका हं, ते नसले तर डीफॉल्ट रेंज लागते, म्हणजे ऑर्डर बायमधे सारख्या ठरणाऱ्या ओळी एकत्र धरल्या जातात, मग ऑर्डर बाय नुसत्या तारखेवर लावलेलं असेल तर एकाच दिवसाच्या सगळ्या नोंदींना सारखीच शिल्लक दिसते आणि स्पीडही कमी. खाते, तारीख, व्हाउचर या क्रमाने इंडेक्स करा, रक्कम इन्क्लूडमधे (इंडेक्ससोबत नुसती साठवलेली), म्हणजे सॉर्टिंगही वाचतं.