पाऊण मिनिटात दमतो कसा?

प्रश्न : नातू कापूस वेचून आला की मोबाईलवर बर्फावरची हॉकी लावते. फॉरवर्ड, म्हंजे पुढं गोल मारायले खेळणारा गडी, जरासा पळला की कठड्यावरून उडी मारून बाहेर! एवढ्यात दमते का तो? मंग वर्षानुवर्षं टिकते कसा?
– एक आबाजी, दारव्हा तालुका

उत्तर : आबाजी, दमतोच! जीव तोडून स्केटिंग केलं की पाऊण मिनिटात मांड्या भरून येतात. म्हणून तिघा फॉरवर्डची फळी चालू खेळातच बदलतात. टिकण्याचं म्हणाल, तर गॉर्डी हाऊ एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत, ५२व्या वर्षी खेळत होते. पण असा गडी विरळाच. वेन ग्रेट्झ्की १९९९मध्ये अडतिसाव्या वर्षी थांबले. त्यांचा ८९४ गोलांचा विक्रम मोडायला २०२५ उजाडलं, आणि मोडणारा ओव्हेचकिनही एकोणचाळीस वर्षांचा!