'बर्क' हे क्रियापद आलं कुठून?

जुन्या इंग्रजी अहवालात 'द क्वेश्चन वॉज बर्क्ड' असं वाचलंत, शब्दकोशात मात्र 'गुदमरवून मारणे' असा अर्थ सापडला. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा आणि हा शब्द एडमंड बर्कवरून आला का, असं तुम्ही विचारलंय.

वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवणाऱ्या एडमंड बर्कचा इथे काडीचाही संबंध नाही. हा विल्यम बर्क, आयर्लंडहून पोटासाठी स्कॉटलंडला गेलेला मजूर. तेव्हा शवविच्छेदनाच्या वर्गांना कायद्याने मिळणारी प्रेतं फारच तुटपुंजी पडत. १८२७ च्या अखेरीस एडिंबरात त्याचा साथीदार विल्यम हेअर याच्याकडे राहणारा एक म्हातारा भाडं थकवून आजारपणात वारला. दोघांनी त्याचं प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीररचनेच्या वर्गाला साडेसात पौंडांना विकलं. मग मरणाची वाट बघण्याचीही गरज उरली नाही. पुढच्या वर्षभरात त्यांनी सोळा जणांना मारलं. बहुतेक सगळे गरीब, ज्यांची चौकशी करायला कुणी येणार नाही असे.

शब्दाची सगळी गोम मारण्याच्या पद्धतीत आहे. आधी दारू पाजायची, मग एकाने छातीवर भार टाकायचा आणि हाताने नाक-तोंड दाबून धरायचं. अंगावर डाग नाही, जखम नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला माल चोख! हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली, तेव्हा जमाव 'बर्क हिम!' असं ओरडत होता. त्याच्या नावाचं क्रियापद झालं ते तिथेच. त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

खूण न ठेवता श्वास कोंडणे, यावरूनच पुढे एखादा प्रश्न, चौकशी किंवा अहवाल गुपचूप दाबून टाकणे हा अर्थ रुळला. म्हणून तुमच्या वाक्याचं मराठी 'प्रश्न दडपला' असंच करा. मात्र नुसतं फेटाळलं असेल, तर हा शब्द बसत नाही.

बोलण्यातून हा शब्द गेला असला तरी न्यायवैद्यकात टिकून आहे. आपल्याकडची एमबीबीएसची मुलं 'बर्किंग' आजही शिकतात, आणि तिथे अर्थ अगदी मूळचा आहे: छातीवर दाब आणि नाक-तोंड बंद, दोन्ही एकाच वेळी. नुसतं उशीने तोंड दाबलं तर त्याला 'स्मदरिंग' म्हणतात, बर्किंग नव्हे.